उंदराचे प्रतिपिंड आणि उजळणारे मणी



रक्तगट तपासताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवतात, एका थेंबात निळा द्रव मिसळतात, दुसऱ्यात पिवळा. ज्या थेंबात रक्ताचे कण एकमेकांस चिकटून गोळा होतात, त्यावरून गट ठरतो. हे निळे आणि पिवळे द्रव आज बहुधा उंदराच्या पेशींपासून सिद्ध झालेले असतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एवढेच कशाला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत डेंगीच्या निदानासाठी जे चाचणी-संच तयार होतात, तेही अशाच प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रतिपिंडांवर चालतात. हैदराबादेतील डॉ. रेड्डीज या कंपनीने २००७ साली रिटुक्सिमॅब या औषधाची आपली आवृत्ती बाजारात आणली. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील या औषधाचा एक भाग मूळचा उंदराचा आहे.

उंदराशी आपले एवढे जवळचे नाते असेल, असे मला तरी वाटले नव्हते. मी शाळामास्तर. वसई सोडून हैदराबादेस आलो आणि नामपल्लीच्या परिसरात राहिलो. डीएनए ठसे आणि निदान केंद्राच्या प्रयोगशाळा पुढे उप्पलला गेल्या, पण त्यापूर्वी कित्येक वर्षे त्या याच नामपल्लीत होत्या. त्या इमारतीवरून जाताना आत काय चालते याचे कुतूहल वाटे, परंतु आत शिरण्याचे धाडस कधी झाले नाही. ते कुतूहल शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पुरविले. ती एका औषधी प्रयोगशाळेत काम करते. नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी जानेवारीत भरणाऱ्या नुमाइशमध्ये ती अचानक भेटली आणि तासभर तिने आपली हकीकत सांगितली. तीच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. शरीरात परका पदार्थ शिरला की रक्तातील विशिष्ट पेशी त्यास चिकटणारे प्रथिन तयार करतात. त्यास प्रतिपिंड म्हणतात. अशी प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनविते, पण ती बाहेर काढून वाढविली तर लवकरच मरते. कर्कपेशी मात्र मरत नाही. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोह्लर आणि सेझार मिल्स्टाइन या दोघांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनविणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर घडवून आणला. एकीचा गुण घेतला, दुसरीचे आयुष्य घेतले. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ साली नोबेल पारितोषिक मात्र मिळाले.

आता संकर केला म्हणजे काम संपले असे नाही. प्लास्टिकच्या थाळीतील शेकडो लहान खळग्यांत या संकरपेशी वाढत असतात. त्यांतल्या कोणत्या ठेवाव्या? येथे एक साधी पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एखाद्या खळग्यातील द्रव आपल्या लक्ष्यास जोराने चिकटतो असे दिसले, तर त्याची कारणे दोन असू शकतात. एक तर ते प्रतिपिंड खरोखरच घट्ट धरणारे आहे. नाही तर ते सामान्यच आहे, पण भरमसाट आहे. शंभर पाने लिहिणारा विद्यार्थी आणि दहा पानांत नेमके उत्तर देणारा विद्यार्थी यांना एकाच काट्यावर तोलून कसे चालेल? म्हणून प्रत्येक खळग्यात उंदराचे प्रतिपिंड नेमके किती आहे, हे आधी मोजावे लागते.

मोजण्याची एक जुनी रीत १९७१ साली स्टॉकहोम येथे एव्हा एंगव्हाल आणि पेटर पर्लमान यांनी सांगितली. तीत थाळीच्या तळाशी प्रतिपिंड पकडायचे, धुवायचे, त्यावर दुसरे काही घालायचे, पुन्हा धुवायचे, असा क्रम असतो. दिवसभर बाई भांडी घासते तसे. पुढे १९९४ साली एडविन उलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुण्याची गरजच नसलेली एक युक्ती प्रसिद्ध केली. माझी विद्यार्थिनी वापरते ती रीत त्याच कुळातली.

या रीतीत दोन जातींचे अतिसूक्ष्म मणी असतात. पहिल्या मण्यावर तांबड्या प्रकाशाचा किरण पडला की तो भोवतालच्या प्राणवायूस उत्तेजित करतो. एका सेकंदात असे साठ हजारांपर्यंत रेणू बाहेर पडतात. पण या उत्तेजित प्राणवायूचे आयुष्य क्षणभंगुर. सुमारे दोनशे नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे चारशेवा भाग, एवढे अंतर जाईपर्यंत तो विझतो. तेवढ्या अंतरात दुसऱ्या जातीचा मणी सापडला, तर तो मणी उजळतो आणि आपला प्रकाश टाकतो. सापडला नाही, तर अंधार. आता हे दोन मणी जवळ आणणार कोण? उंदराचे प्रतिपिंड! एका मण्यावर त्यास एका बाजूने धरणारा पदार्थ असतो. दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या पदार्थास बायोटिन जोडलेले असते आणि त्या बायोटिनला पहिला मणी घट्ट पकडतो. म्हणजे जितके प्रतिपिंड, तितक्या जोड्या आणि तितका उजेड. पहिल्या जातीचे मणी प्रकाशाने खराब होतात, म्हणून हे काम मंद हिरव्या उजेडात करतात. "सर, आमची खोली पाहिलीत तर तुम्हांला फोटो धुण्याची जुनी अंधारखोली आठवेल," असे ती म्हणाली.

आता तिची फजिती ऐका. दोन महिने खपून तिने संकरपेशींच्या थाळ्या तयार केल्या होत्या. त्यासाठी काही उंदरांचे प्राणही गेले होते. हे सांगताना तिचा आवाज किंचित खाली आला, आणि मला ते आवडले. वरून घाई होती. तिने प्रत्येक खळग्यातील द्रव जसाच्या तसा मण्यांत मिसळला, यंत्रात उजेड मोजला, सर्वांत तेजस्वी वीस खळगे निवडले आणि बाकीच्यांना अन्न देणे बंद केले. सुदैवाने प्रत्येक खळग्यातील थोडा द्रव तिने शीतपेटीत ठेवला होता. तीन आठवड्यांनी शंका आली म्हणून तो काढून दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून पुन्हा मोजला. तेव्हा दिसले की यादीच्या अगदी तळाशी पडलेल्या तीन खळग्यांतच प्रतिपिंड सर्वांत अधिक होते.

हे कसे झाले, ते मला शाळेच्या मैदानावरूनच उमगले. समजा, तांबड्या टोपीची तीस मुले आणि निळ्या टोपीची तीस मुले उभी केली आणि सांगितले की प्रत्येकाने कवायतीच्या काठीचे एकच टोक धरावे, काठीचे एक टोक तांबड्यासाठी, दुसरे निळ्यासाठी. दहा काठ्या दिल्या तर दहा जोड्या होतील. तीस दिल्या तर तीस. पण मैदानावर तीनशे काठ्या टाकल्या तर? प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःची काठी येईल आणि तिचे दुसरे टोक मोकळेच राहील. काठ्यांचा ढीग पडलेला, आणि जोडी जवळजवळ एकही नाही. मण्यांचेही तसेच झाले. वाढलेल्या संकरपेशींच्या द्रवात मिलिलिटरमागे दहा ते शंभर मायक्रोग्रॅम प्रतिपिंड सहज असते. एवढ्या गर्दीपुढे मणी अपुरे पडले. आलेखावर उजेडाची रेषा वर चढते आणि मग गळाप्रमाणे खाली वळते, म्हणून या दोषास इंग्रजीत गळाचेच नाव आहे.

दुसरा चोर त्याहून गुप्त होता. पेशी वाढविण्यासाठी जे पोषक पाणी वापरतात, त्यांतल्या एका प्रकारात बायोटिन मुळातच असते. ते एक जीवनसत्त्व आहे. आरपीएमआय नावाच्या द्रवात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. हे मोकळे बायोटिन मण्यावरील जागा आधीच अडवून बसते आणि उजेड आणखी कमी होतो. दुसऱ्या एका प्रचलित द्रवात, डीएमईएममध्ये, बायोटिन घातलेले नसते. तिच्या प्रयोगशाळेत पहिला द्रव होता, आणि तुलनेसाठी केलेले ज्ञात प्रमाणाचे नमुने मात्र साध्या क्षारद्रवात केलेले होते. माप एका घागरीचे आणि पाणी दुसऱ्या घागरीतले!

मी विचारले, "मग ते तीन खळगे?"

"सर, द्रव आहे, प्रतिपिंडही आहे. पण पेशी उरल्या नाहीत. चमचाभर द्रवातून पेशी पुन्हा जन्माला येत नाहीत."

पुन्हा आरंभापासून करावे लागले. नवे उंदीर, नवी परवानगी, आणखी दोन महिने. आता ती प्रत्येक खळग्याचे चार वेगवेगळे पातळ केलेले नमुने मोजते. पातळ केल्यावर उजेड वाढला, तर पहिल्या आकड्यावर ती विश्वास ठेवीत नाही. ज्ञात प्रमाणाचे नमुनेही ती पेशींच्याच पोषक द्रवात करते. आणि मोजणी दोनदा झाल्यावाचून एकाही खळग्याचे अन्न बंद करीत नाही. थाळ्या चौपट लागतात, म्हणून वरिष्ठांची कुरकुर चालू असते, असे सांगून ती हसली आणि मुलासाठी पाळण्याचे तिकीट काढायला रांगेत जाऊन उभी राहिली.