गडवाटेसाठी एकच जोड

पावसाळ्यात कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडाला निघताना एसटीपासून माथ्यापर्यंत चालेल असा बुटांचा एकच जोड घ्यायचा, तर तो घोट्याखाली संपणारा, हलका आणि जाळीदार कापडाचा असावा. ‘वॉटरप्रूफच हवा’ हा आग्रह बर्फाच्या वाटेवर रास्त आहे. सह्याद्रीत ओढा ओलांडताना पाणी वरूनच शिरते आणि जे अस्तर ते बाहेर अडवणार, तेच त्याला आत कोंडून ठेवते. जाळीतून ते चालता चालता निथळून जाते. खरा पैसा तळव्यावर घालावा: चिखलासाठी खोल, रुंद खाचा आणि ओल्या कातळासाठी मऊ रबर. शेवाळलेल्या बसाल्टवर मात्र कोणत्याच रबराचा भरवसा धरू नये.

उंच बुटाने घोटा सांभाळला जातो, असे म्हणतात. पाठीवर जड ओझे असेल तर त्यात तथ्य आहे. पण एक-दोन दिवसांच्या सॅकसाठी पायाचा सराव अधिक कामी येतो, आणि बुटाचे वजन तर प्रत्येक पावलाला उचलावे लागते. खरेदी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, चालण्याचेच मोजे घालून करावी. उतारावर बोटे पुढे आदळतात, म्हणून अंगठ्यापुढे साधारण अर्धा इंच जागा हवी.