आधी घराने शिकायचे



मुलांना घरीच शिकवणाऱ्या मराठी ख्रिस्ती पालकांच्या या संमेलनाच्या स्वागत समितीतर्फे मी आपले येडगावात मनापासून स्वागत करतो. कुणी रात्रीच्या एसटीने आले, कुणी मुलांच्या वह्यापुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन टेम्पोतून आले. आपल्या पायांनी आज आमचे अंगण भरले. मांडवाला बांबू देणारे, पाण्याचा टँकर उभा करणारे, भांडी देणारे बहुतेक हात आमच्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचे आहेत. त्यांचे आभार मी सर्वांत आधी मानतो. शेजारधर्म म्हणजे काय, हा आपल्या मुलांचा या संमेलनातला पहिला धडा आहे.

आपण जिथे बसला आहात तिथून शिवनेरी आणि लेण्याद्री फार लांब नाहीत. शेजारच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. उद्या मुलांना ती बाहेरून दाखवायला नेणार आहोत. आणि हे आमचे कुकडीवरचे येडगाव धरण. माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांशी ते एका प्रकल्पात जोडलेले आहे. इथून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातो. करमाळ्याचा शेतकरी पाणी सुटले की नाही एवढेच पाहतो. धरण त्याच्या डोळ्यांपुढे नसते. मुलांच्या बाबतीत घराचे काम असेच आहे. पुढे ती कुठे जातील, कुणाच्या शेताला त्यांचे पाणी लागेल, ते आपल्याला दिसणार नाही. साठवण मात्र आपल्याच हातात आहे.

या संमेलनाचा विषय आपण ठरवला आहे : घरशिक्षणात विश्वास आणि चारित्र्य यांना पहिले स्थान. स्वागताध्यक्षाने फार बोलू नये, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या घरात घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर तोंड उघडायचा अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या टोमॅटोचा तोडा चालू होता. माझी धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. तिचे गणित मी शेतातच घेत असे. क्रेट मोजायचे, एका क्रेटचे वजन धरून एकूण किलो काढायचे, भाव लावायचा, हमाली आणि गाडीभाडे वजा करायचे. त्या दिवशी पावसाने माल तडकला होता. मी तळाला बारका, तडकलेला माल भरला आणि वर लालभडक, एकसारखा थर लावला. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "पप्पा, तळाचे वर आणि वरचे तळाला का नाही घालत?" मी म्हणालो, "बाजाराची रीत असते बाळा, तू गुणाकार कर."

रात्री कौटुंबिक उपासनेला वाचन नेमके नीतिसूत्रांचे होते, खोट्या तराजूविषयीचे. पवित्र शास्त्र माझ्या हातात होते. मी वाचू लागलो आणि त्या वचनाशी माझा आवाज अडला. पोर काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या आईने हळूच माझ्या हातातून शास्त्र घेतले आणि पुढचे वाचले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळे क्रेट पालथे केले आणि माल नव्याने निवडला. धाकटी उठून आली, न बोलता बाजूला बसली आणि तडकलेले वेगळे काढू लागली. तडकलेला माल वेगळा लावला, त्याला भाव निम्माही आला नाही. पण त्या दिवशी ती जे वजाबाकीचे गणित शिकली, ते कुठल्याही पुस्तकात नव्हते. आणि ते आधी मला शिकावे लागले.

म्हणून मी एवढेच सांगायला उभा आहे : घरी शिकवायचे, तर आधी घराने शिकायचे. विश्वास आणि चारित्र्य यांना वेळापत्रकात तास देता येत नाही. सकाळी आठ ते साडेआठ प्रार्थना, साडेआठला गणित, असे आपण लिहून भिंतीवर लावतो, लावावेच. पण मूल तो कागद वाचत नाही. आपण त्याला फोनवर "पप्पा घरी नाहीत" म्हणून सांगायला लावतो का, मजुराची मजुरी शनिवारी देतो की सोमवारवर ढकलतो, भांडण झाल्यावर बायकोची क्षमा मागतो का, हे ते वाचत असते. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याची आज्ञा आहे. तिथे शिकवण्याची वेळ म्हणून घरात बसणे, वाटेने चालणे, झोपणे आणि उठणे एवढेच सांगितले आहे. सारा दिवसच शाळा. तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ पौल शोधतो, तेव्हा त्याला दोन बायका सापडतात, आजी लोईस आणि आई युनीके.

आपल्याच मातीत पाहू. याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई लहानपणी कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने पहाटे लेकीला उठवून तिच्याकडून ग्रंथ पाठ करून घेतले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावंडे देशभर पायी हिंडली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी याच लेकीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ते घर ख्रिस्ती नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. पण सत्यासाठी लोकांचा रोष सोसायचा, ही गोष्ट त्या मुलीने घरात पाहिली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या धर्मगुरूंना निर्भयपणे प्रश्न विचारत राहिल्या. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकामुलींनी त्याचे खिळे जुळवले. ज्यांना "आम्ही चारित्र्याला महत्त्व देतो, अभ्यासाचे पुढे बघू" असे वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कच्चा अभ्यास हा विश्वासाचा पुरावा होऊ शकत नाही. नेमाने, नेटाने, कुणी बघत नसताना केलेला अभ्यास हेच चारित्र्य.

दुसरे घर टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर कितीतरी दिवस आपले सोवळेओवळे सांभाळले. टिळक म्हणजे एवढा मोठा कवी, एवढा तापट माणूस. पण त्यांनी बायकोवर विश्वास लादला नाही. जातपात देवाने केली नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले आणि मग त्या ख्रिस्ती झाल्या. अक्षरओळखही त्यांना घरातच झाली, आणि त्याच हातांनी पुढे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या घरी मुलगा बनून राहिलेले बालकवी ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच होते. त्या घराने त्यांच्यावर माया करताना कसलीही अट घातली नाही. बंधूंनो, घरी शिकवणाऱ्या पालकाला एक मोह फार असतो. मूल चोवीस तास आपल्या नजरेखाली आहे, तेव्हा त्याचा विश्वासही आपणच भरून देऊ, असे वाटते. तसे होत नाही. आपण दिवा लावावा, ज्योत राखावी. डोळे उघडायचे ते मुलाने स्वतः.

इथेच आणखी एक सांगतो. शाळा आपल्या शत्रू नाहीत. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्ये मुंबईत मुलींसाठी शाळा काढली. नगरला सिंथिया फरार बाईंकडे सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. ज्या ख्रिस्ती समाजाने महाराष्ट्रात शाळा काढल्या, त्याने शाळेला नावे ठेवू नयेत. शेजाऱ्याची मुले शाळेत जातात, आपली घरी शिकतात. दोघांनी संध्याकाळी एकाच मैदानात खेळावे. घर म्हणजे गढी होऊ नये. कायद्याच्या बाबतीतही प्रामाणिक राहू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे, दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. यांविषयी उद्या सकाळी जाणकार बोलतील. कागद वेळेवर आणि खरे भरणे, हाही आपल्या विषयाचाच भाग आहे.

आता व्यवस्थेचे थोडे. दुपारी जेवायला आमच्या भागातली मासवडी आणि रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. मासवडी नाव असले तरी ती बेसनाची असते, तेव्हा शाकाहारी पाहुण्यांनी निर्धास्त राहावे. वाढायला मोठी मुले आहेत. त्यांना नावाने हाक मारा. एक कळकळीची विनंती : दिवस मावळल्यावर कुणीही उसाच्या कडेने फिरू नये, लहान मुलांना एकटे सोडू नये. हा बिबट्यांचा मुलूख आहे. आणि धरणाच्या पाण्यात कुणी उतरू नये.

कार्यक्रमात समितीने एक बदल केला आहे. आज संध्याकाळच्या उपासनेत शास्त्रवाचन, प्रार्थना आणि साक्ष हे सारे मुले करतील. घरात काय पाहिले, ते ती आपल्या शब्दांत सांगतील. कुणाच्या आईवडिलांचा आवाज एखाद्या वचनाशी अडला असेल, तर तेही ती सांगतील. कुणीही त्यांना मध्ये थांबवू नये. आपण सारे खाली सतरंजीवर बसू आणि ऐकू.