प्रशालेची पारख

जालना जिल्ह्यातील अनेक गावांत माध्यमिक शिक्षणाचा आधार म्हणजे जिल्हा परिषदेची प्रशाला. तिची पारख रंगविलेल्या भिंतींवरून नव्हे, हजेरीपटावरून करावी. गणित, विज्ञान व इंग्रजीला स्वतंत्र शिक्षक आहेत काय? परीक्षानळ्या वापरात आहेत की कपाटात? दहावीच्या निकालाची टक्केवारी ऐकताना, नववीत किती होते आणि परीक्षेस किती बसले, हेही विचारावे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले तरी त्यांची मुले वर्गात टिकतात काय, ही खरी कसोटी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत. सुजाण पालकांनीच पाठ फिरविली, तर तेथे जाब विचारणार कोण?