फजिती सांगा!



परदेशी जाऊन आलेल्या माणसांकडे चहाला जायची मला अलीकडे धास्तीच वाटते. चहा येतो, चिवडा येतो आणि पाठोपाठ मोबाइल येतो. हा आयफेल टॉवर. हे आम्ही टॉवरपुढे. हे जावईबापू टॉवरपुढे. मग पाण्याची बाटली किती रुपयांना पडली ते. की झालं, संपला प्रवास! अहो, परक्या मुलखात एवढे दिवस काढले आणि एकदाही फजिती झाली नाही? झालेली असते. पण ती बॅगेच्या तळाशी, मळक्या कपड्यांखाली दडपून आणलेली असते. माझं आजचं सांगणं तेवढंच आहे. ती आधी बाहेर काढा.

चंद्रपूर-गडचिरोलीत बसून ही बाई परदेशाचं काय सांगते, असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडची माणसं बाहेर जात आलेलीच आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत शिकून आले आणि 1986 साली गडचिरोलीत कामाला लागले. हेमलकशाच्या आमटे दांपत्याच्या कामासाठी मोनॅकोनं 1995 साली टपाल तिकीट काढलं. पण आज मी थोरांबद्दल बोलत नाही. वेकोलिच्या कोळसा खाणींतून, बल्लारपूरच्या पेपर मिलमधून, ऊर्जानगरहून निवृत्त झालेले आईवडील लेकी-सुनांच्या बाळंतपणाला विमानात बसतात, त्यांच्याबद्दल बोलते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या हाती आपण काय देतो? फोटो आणि भाव.

ताडोब्याला येणारे पाहुणे तुम्ही पाहिलेच असतील. मोहर्लीच्या गेटातून जिप्सी आत शिरली की एकच धोशा, वाघ कुठाय? गाईड बिचारा अस्वलानं झाडावर ओढलेले नखांचे ओरखडे दाखवतो, सांबराचा कॉल ऐकवतो, धुळीतला ताजा पंजा दाखवतो. पाहुणे म्हणतात, बरं बरं, चला पुढं. वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर बुडाले. परदेशात गेलो की आपणही तेच पाहुणे होतो. टॉवर म्हणजे वाघ. सायटिंग झालं, फोटो झाला, गाडी वळवा! वाटेतले ओरखडे आणि पंजे, म्हणजे आपण कुठं चुकलो, कुणी हाताला धरून नेलं, कशावर हसलो, ते कुणी बघतच नाही. ताडोब्यात निदान आत मोबाइल वापरता येत नाही. पॅरिसला तीही सोय नाही.

आमच्या ओळखीच्या एक काकू जूनमध्ये लंडनला लेकीकडे गेल्या. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावल्याशिवाय त्या जेवत नाहीत. आपल्याकडे जूनमध्ये सात वाजेपर्यंत सूर्य मावळतो. तिथं तो सव्वानऊच्याही पुढं. पहिल्या दिवशी काकू वात भिजवून बसल्या. आठ वाजले, बाहेर लख्ख ऊन. साडेआठ वाजले, मुलं अंगणात चेंडू खेळताहेत. जावई भुकेनं स्वयंपाकघराच्या खेपा घालताहेत, पण सासूबाई उपाशी, तर यांनी कसं जेवावं! शेवटी पावणेदहाला दिवा लागला आणि पानं वाढली गेली. पुढं काकूंनी घड्याळातले सात प्रमाण मानले आणि देवानंही ते चालवून घेतलं. हा किस्सा मला लेकीनं सांगितला. काकूंनी मला बकिंगहॅमचा राजवाडा दाखवला.

दुसरं उदाहरण. अमेरिकेत उतरल्यावर सामानात खायचं काही असेल तर ते सांगावं लागतं. ताजी फळं, बिया, मांसाचे पदार्थ यांची तपासणी कडक असते आणि लपवलं तर दंड होतो. एका बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, हो, आहे. पिशवी उघडली तर त्यात कुरोड्या. अधिकारी त्या उलटून पालटून बघतो, वास घेतो, काही उमगत नाही. बाईंना इंग्रजी बेताचं. त्यांनी कढई धरली, तेल ओतलं, कुरोडी सोडली आणि ती फुलून वर येते तशी बोटं फुलवून दाखवली. हे सगळं हवेतच बरं का! मागची रांग हसायला लागली, अधिकारीही हसला आणि कुरोड्या सुटल्या. एवढा सुंदर प्रवेश! रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघून सकाळी कामाला जाणारे आपण, हसायला आपल्याला शिकवावं लागत नाही. पण स्वतःवरचा प्रवेश सांगायचा म्हटला की आपली मान खाली जाते.

बरं, हे नुसतं हसण्यासाठी सांगत नाही. फजिती सांगितली नाही की पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. सावजी रश्श्याच्या मसाल्यात आपण खसखस घालतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती तिथं अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सुकं खोबरं विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालत नाही. तेलकट असल्यामुळं पेट घेणाऱ्या मालात ते धरतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही. ज्यांची बरणी विमानतळावर राहिली त्यांनी घरी येऊन ती गोष्ट सांगितली असती, तर शेजारणीची बरणी वाचली असती. पुन्हा सांगते, लाजू नका.

आता उन्हाचं. 19 जुलै 2022 रोजी इंग्लंडात 40.3 अंश तापमान नोंदलं गेलं, तिथला तो उच्चांक. आदल्या दिवशी लूटन विमानतळाच्या धावपट्टीचा पृष्ठभागच उचलला गेला होता. आमच्याकडचे एक निवृत्त गृहस्थ तेव्हा तिथं मुलाकडे होते. म्हणाले, चाळीस? आमच्याकडे तर सत्तेचाळीस होतात! दुपारी मात्र उमगलं की घरात पंखा नाही, कूलर नाही, खाली गालिचा आणि भिंती थंडी अडवण्यासाठी बांधलेल्या. चंद्रपूरचा माणूस घामाघूम. त्यांनी चादर पाण्यात बुडवली आणि खिडकीत टांगली. शेजारची बाई चौकशीला आली, समजून घेऊन गेली. संध्याकाळी तिच्याही खिडकीत ओली चादर! याहून मोठा मान एखाद्या पाहुण्याला काय मिळणार? पण गृहस्थ हे कुणाला सांगत नाहीत. चादर टांगणं त्यांना गावंढळपणाचं वाटतं.

याउलट पु. ल. देशपांडे बघा. आकाशवाणीच्या नोकरीत असताना ते लंडनला टेलिव्हिजनचं काम शिकायला गेले. त्या प्रवासावरची ‘अपूर्वाई’ 1960 साली आली. तिथल्या इमारती त्यांच्या आधी आणि नंतर पुष्कळांनी वर्णिल्या, त्या कुणाच्या लक्षात नाहीत. हसतो आपण पुलंच्या गोंधळावर, अजूनही. ते थोर लेखक होते हे खरं, पण गोंधळ तर आपल्यालाही...

समोरून स्टुडिओच्या काचेआडून वेळ संपल्याच्या खुणा सुरू झाल्या आहेत. ट्रामच्या तिकिटांचं सांगायचं राहिलं. तिकडे पुष्कळ ठिकाणी कंडक्टर नसतो आणि आपली माणसं सुटे पैसे हातात धरून त्याला शोधत राहतात. ते पुन्हा केव्हातरी. तोवर तुमच्यापैकी जे या उन्हाळ्यात निघाले आहेत, त्यांचं विमान दुबईवरून असेल तर त्यांनी मसाल्याचा डबा आज रात्रीच उघडून बघावा. आणि खसखस निघाली तर ती शेजारी देऊन टाकावी, कारणासकट.