घोडा उभा आहे तोवर मदत मागा



गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या यांच्याबद्दल आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज जरा वेगळ्या जनावराबद्दल बोलायचे आहे, ते म्हणजे घोडा. शर्यतीचा घोडा नव्हे बरं का. टांग्याचा, वरातीचा, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक फिरवणारा, डोंगरवाडीत ओझे वाहणारा घोडा. त्याच्या जोडीला खेचर आणि गाढवही आले. या जनावरावर ज्यांचे पोट आहे, त्यांना सरकारी पैशातून कोणती मदत मिळू शकते आणि ती कधी मागायची, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवातीला एक घडलेली गोष्ट सांगतो. ऐन लग्नसराईत एक घोडेवाले मामा माझ्याकडे कचेरीत आले. वरातीला घोडी देण्याचा त्यांचा धंदा. आदल्या रात्री घोडीच्या पोटात कळ आली. ती रात्रभर लोळत राहिली. मामांनी घरगुती काढा पाजला आणि सकाळची वाट पाहिली. सकाळी डॉक्टर पोहोचले तेव्हा घोडी गेलेली होती. पंचेचाळीस हजारांची घोडी, आणि त्यातले तीस हजार व्याजाने काढलेले. मामा म्हणाले, "साहेब, जनावर गेलं. सरकारकडनं काही मिळंल का?" मी विचारले, "मामा, विमा उतरवला होता का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "घोड्याचाबी विमा असतो व्हय?"

मंडळी, त्या दिवशी माझ्याकडे द्यायला काही नव्हते. मामा उठून गेले, आणि हा विषय कार्यक्रमात घ्यायचाच, असे मी तेव्हा ठरवले. कारण घोडेवाल्यासाठी जी मदत आहे, तिच्यातली बहुतेक मदत घोडा धडधाकट उभा असताना मागावी लागते. तो आडवा झाल्यावर मागून उपयोग होत नाही.

हंगाम थोडा, तोंड बारमाही

देशात घोडे किती राहिलेत ते पाहा. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट. गाढवे तर साठ टक्क्यांहून अधिक घटली. टेम्पो आला, रिक्षा आली, रस्ते झाले. ते वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या दारात अजून घोडा बांधलेला आहे, त्याची कमाई घटली आणि खर्च मात्र तसाच राहिला.

घोडेवाल्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि घोड्याचे तोंड बारा महिन्यांचे असते. अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला रोज निदान पाच किलो कोरडी वैरण आणि चंदी मिळून लागते. महिन्याचे झाले दीडशे किलो. धंदा बंद असला म्हणून घोडा उपाशी राहू शकत नाही. माथेरानचेच पाहा. तिथे मोटारींना बंदी, म्हणून घोडा हे एक मुख्य वाहन. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले आणि घोडेवाल्यांची मिळकत एका दिवसात शून्यावर आली. तेव्हा चंदी-चारा पोहोचवायला प्राणिमित्र संस्था धावून आल्या, म्हणून जनावरे तगली.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरणही डोळ्यासमोर ठेवा. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीसाठी चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि सरकारला पुनर्वसनाची योजना आखायला सांगितले. एकरकमी भरपाई, फेरीचा परवाना असे पर्याय पुढे आले, पण त्याला वेळ लागला. सरकारी मदत कागदावरून हातात येईपर्यंत दिवस जातात. घोडा तितके दिवस थांबत नाही. म्हणून मदत कुठे आहे ते आधी माहीत हवे.

पहिली मदत : विमा

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या पशुधन विम्यात घोडा, तट्टू, खेचर आणि गाढव ही जनावरे येतात. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या अभियानात बदल केले, आणि विम्याच्या हप्त्यातला मालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. आधी तो २० ते ५० टक्क्यांपर्यंत होता. उरलेला ८५ टक्के भार केंद्र आणि राज्य सरकार ६० आणि ४० या प्रमाणात उचलते.

हिशेब सोपा करून सांगतो. समजा, तुमच्या घोड्याचा विमा हप्ता २,००० रुपये बसला. त्यातले तुमचे ३०० रुपये. केंद्राचे १,०२० आणि राज्याचे ६८०. तीनशे रुपयांत रात्रीची झोप लागते म्हणा ना!

विमा उतरवताना जनावराची किंमत चालू बाजारभावाने ठरते. तिथे किंमत फुगवू नका आणि कमीही सांगू नका. घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे, भोवरे, ओळखीची खूण हे सारे कागदावर नीट लिहून घ्या आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. जनावर दगावले तर लगेच विमा कंपनीला आणि दवाखान्याला कळवा. शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. घाईने पुरलेल्या जनावराचा दावा अडतो.

दुसरी मदत : सरकारी दवाखाना

मी शेतीचा पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. म्हणून औषध सांगत नाही, फक्त दार दाखवतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याला घेऊन जायला लाजू नका. तो दवाखाना फक्त गायी-म्हशींचा आहे, हा समज चुकीचा आहे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केला की फिरत्या पथकाची सोय असते. पोटात कळ आली, घोडा पोटाकडे वळून पाहतो, पाय आपटतो, लोळतो, लीद थांबली, की सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी फोन करा. मामांची घोडी कदाचित त्या एका रात्रीने गेली. बुरशी आलेली वैरण हे पोटदुखीचे एक मोठे कारण आहे. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. आणि धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्या, कारण खिळा-नाल लागून झालेल्या बारीकशा जखमेतूनही घोड्याला धनुर्वात होतो.

तिसरी मदत : ग्लँडर्सची भरपाई

आता जे सांगतो ते ऐकायला कडू आहे. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याला, खेचराला आणि गाढवाला होतो. नाकातून घट्ट चिकट स्राव येतो, ताप येतो, कातडीवर गाठी येऊन फुटतात. हा रोग माणसालाही लागतो आणि जीव घेऊ शकतो. त्यावर लस नाही. रक्ताचा नमुना तपासून, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून रोगाची खात्री झाली, तर जनावराला दयामरण द्यावे लागते.

याच भीतीने काही जण आजार लपवतात, घोडा रातोरात दुसऱ्या तालुक्यात नेऊन विकतात. बंधूंनो, असे करू नका. २००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याने हा रोग कळवणे मालकावर बंधनकारक आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की, सरकारी आदेशाने असे जनावर मारावे लागले तर मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. निम्मी रक्कम केंद्राची, निम्मी राज्याची. लपवलेल्या आणि चोरून पुरलेल्या जनावराची भरपाई कोण देणार? शिवाय त्याच तबेल्यात तुमची लेकरे खेळतात, हे विसरू नका. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या जत्रेत घोडा घेताना रक्ततपासणीचा दाखला आधी मागा, भाव नंतर करा.

चौथी मदत : भांडवली अनुदान, पण जपून

२०२४ च्या त्याच निर्णयाने घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगासाठी ५० टक्के भांडवली अनुदान ठरले. त्याची मर्यादा ५० लाख रुपये. ते एकट्या माणसाला, बचत गटाला, संयुक्त देयता गटाला किंवा शेतकरी उत्पादक संस्थेला मागता येते. आपल्या भीमथडी घोड्याला जानेवारी २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. तेव्हा जातिवंत पैदाशीचा विचार करणाऱ्या घोडेपाळ मंडळींना ही संधी आहे.

पण ५० लाख हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. हे पैसे पैदाशीचा उद्योग उभा करण्यासाठी आहेत, थकलेल्या घोड्याच्या चंदीसाठी नाहीत. उरलेली निम्मी रक्कम तुम्हाला स्वतः घालावी लागते किंवा बँकेकडून काढावी लागते. एक-दोन घोड्यांच्या मालकाने एकट्याने या वाटेला जाण्यापेक्षा पाच-दहा जणांनी गट करावा. "साहेब, अनुदान काढून देतो, आधी दहा हजार द्या," असे म्हणणारा भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक गैरसमज. गोशाळेतल्या देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. कित्येकांना वाटते की घोड्यालाही तसे मिळते. तसे नाही. ती योजना देशी गायींची आहे. घोड्याची रोजची वैरण आपल्यालाच उभी करावी लागते. त्यासाठी सुगीनंतर कडबा आणि वाळले गवत स्वस्त असते तेव्हाच गटाने मिळून साठवा. बांधाकडेला दोन गुंठे लसूणघास लावला तर मोठा आधार होतो.

सांभाळणे झेपेनासे झाले तर

वय झाले, पाय अधू झाला, धंदा बसला. अशा वेळी घोडा रस्त्यावर सोडून देणारे लोक दिसतात. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्याने दहा वर्षे तुमची चूल पेटवली, त्याला उकिरड्यावर प्लॅस्टिक खायला लावायचे, हे आपल्याला शोभते का?

अशा वेळी जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीकडे किंवा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडे जा. घोडा लेखी पावती घेऊन सोपवा. जे लोक असे आश्रयस्थान चालवतात त्यांनाही सांगतो. निवारा बांधणे, जनावरांची रुग्णवाहिका घेणे यासाठी या मंडळाच्या अनुदान योजना आहेत. मात्र संस्थेची नोंदणी, तपासलेले हिशेब आणि प्रत्येक जनावराची नोंदवही लागते. दया मनात आहे, पण कागद नाहीत, अशा संस्थेला सरकारी पैसा मिळत नाही.

काम घेताना नियम पाळले तर घोडा लवकर थकत नाही. १९६५ च्या नियमांप्रमाणे दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. ऊन ३७ अंशांच्या वर गेले की दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे लादू नये. नियम मोडून जनावर जप्त झाले तर उपचाराचा आणि खाण्याचा खर्च मालकाच्याच माथी येतो.

तेव्हा मंडळी, ध्यानात ठेवा :

१. या आठवड्यात दवाखान्यात जाऊन घोड्याच्या विम्याची चौकशी करा.
२. धनुर्वाताची लस टोचून घ्या आणि १९६२ हा क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहा.
३. नाकातून स्राव, अंगावर गाठी दिसल्या तर लपवू नका, कळवा.
४. पैदाशीचा विचार असेल तर गट करा, मध्यस्थाला पैसे देऊ नका.
५. सांभाळणे झेपत नसेल तर पावती घेऊन संस्थेकडे सोपवा.
६. आर्थिक वर्ष बदलले की योजनांच्या अटी बदलू शकतात. अर्जापूर्वी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून त्या वर्षाच्या सूचना समजून घ्या.

जाता जाता मामांचे सांगतो. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा एक घोडी घेतली, या वेळी भावाकडून हातउसने घेऊन. घोडी घरी नेण्याआधी ती दवाखान्याच्या आवारात आणून बांधली आणि मला निरोप धाडला, "साहेब, आधी कागद करा, मग दाणा घालतो." मागच्या घोडीचे कर्ज अजून फिटलेले नाही. ते फेडायला आणखी दोन लग्नसराया जातील. पण या घोडीचा कागद त्यांच्या पेटीत आहे.

तुमच्या पेटीत आहे का? नसेल तर उद्याच निघा.

रामराम.