हिमाय्तन्-गर कुठं आलं?

आज बोलायचंय जोडशब्दांबद्दल. म्हणजे शब्द कुठं तोडायचा आणि जोर कुठं द्यायचा.

डच भाषेत 'फाल्कौल' असा एक शब्द आहे. 'फाल-कौल' तोडला तर सापळ्याचा खड्डा, 'फाल्क-औल' तोडला तर ससाणा-घुबड! लिहायला दोन्ही सारखेच. बोलताना जोर बहुतेक वेळा पहिल्या तुकड्यावर येतो. आपल्या मराठीत जोरानं अर्थ सहसा बदलत नाही. आपल्याकडं खेळ आहे 'अ'चा. लिहितो 'उदगीर', म्हणतो 'उद्गीर'. लिहितो 'किनवट', म्हणतो 'किन्वट'.

आमच्या टीमनं शेतकऱ्यांना फोनवर पीकविम्याची माहिती वाचून दाखवणारा आवाज बनवला. 'अ' गाळायचा नियम मीच लिहिला होता. शब्दाच्या शेवटचा 'अ' आधी काढायचा. मग मागं मागं येत, ज्या 'अ'च्या दोन्ही बाजूंना एकेकच व्यंजन आणि त्यापलीकडं स्वर असेल, तो गाळायचा. नांदेडचे 16 आणि लातूरचे 10, असे 26 तालुके टाकून बघायला हवे होते. नाही बघितले.

माझे मामा हिमायतनगरचे. त्यांना कॉल गेला. मशीन म्हणालं, 'हिमाय्तन्-गर'. मामांनी फोन कट केला. मला म्हणाले, "अरे, ते कुठलं गाव सांगायलंय? फसवणारे असतेत असले." शेवटची तारीख त्याच कॉलमध्ये पुढं होती. ती त्यांना शेजाऱ्याकडून कळली, म्हणून बरं.

झालं काय, तर 'नगर' एकटं असताना 'न'च्या आधी काहीच नसतं, म्हणून त्याचा 'अ' टिकतो. मागं 'हिमायत' जोडलं की नियमाला वाटतं, हा 'अ' मधलाच आहे, गाळा! जोड कुठंय हे त्याला दिसतच नाही. अहिल्यानगरचंही तसंच, 'अहिल्यान्-गर'.

मग त्या रात्री 26 तालुके तपासले. दोन पडले. दुसरं शिरूर अनंतपाळ. तिथं उलटं. आपण 'अनंत्-पाळ' म्हणतो, पण 'त'च्या आधी अनुस्वार, म्हणजे दोन व्यंजनं झाली, म्हणून मशीननं 'अ' ठेवून 'अनंतऽपाळ' केलं. आता दोन्हीकडं जोडाची खूण टाकलीय. खुणेपाशी शब्द संपला असं समजून मशीन तुकडे वेगवेगळे वाचतं.

परभणी मात्र अजून छळते. नियम म्हणतो 'परभ्णी', आपण म्हणतो 'पर्भणी'. खूण टाकायला आज तिथं जोडच दिसत नाही. ते नाव सरळ हातानं यादीत लिहिलंय.