नाताळचें ताट आणि घरचीं मुलें

(आगमनकाळाच्या आरंभीं धर्मग्रामांतील आईबापांपुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचें हें वर्ष आहे. देवळाच्या इतिहासावर बोलणारे विद्वान वक्ते या वर्षांत पुष्कळ येतील, आणि तें बोलणें त्यांनाच शोभेल. आम्हीं आज स्वयंपाकघराविषयीं बोलण्याचें योजिलें आहे. पाद्रीबाबांना पोळपाटलाटण्याची उठाठेव कशाला, असें कोणाच्या मनांत येईलच. परंतु आगमनकाळाचे चार आठवडे सुरू झाले आहेत, आणि या दिवसांत आपल्या घरचीं मुलें नाताळाची वाट कशी पाहतात हा प्रश्न आमच्या मतें वेदीच्या अगदीं जवळचा आहे.

नाताळ हा शब्द पोर्तुगीजांनीं आपल्या किनाऱ्यावर आणिला. त्याचा मूळ अर्थ जन्मासंबंधींचा. गोव्याच्या घरांत सणाच्या फराळाच्या ताटाला कोंसुआद म्हणतात, आणि पोर्तुगालांत तोच शब्द नाताळच्या पूर्वरात्रीच्या जेवणास लावितात. आपल्या मुंबईंत कित्येक घरीं त्या फराळास कुसवार म्हणतात. शब्द दर्यापारचे खरे, पण ताटांतले जिन्नस पाहा. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तेंच खोबरें, तीच खसखस, तोच वेलदोडा, आणि कडा कापावयास तेंच कातणें. दोदोल तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा आणि काळ्या गुळाचा. मार्झिपान युरोपांत बदामाचें करितात. आपल्या आज्यांनीं तें काजूचें केलें. आणि काजूचें झाड तरी कोठलें? तेंही पोर्तुगीजांनीं ब्राझिलांतून आणिलेलें. तेव्हां ताटांतलें आपलें किती आणि परकें किती, हा वाद ज्यांस रिकामा वेळ असेल त्यांनीं करावा. खाणाऱ्यास तो सुचत नाहीं.

या सर्व जिन्नसांत मुलांचा म्हणून एकच आहे, तो म्हणजे कुलकुल. मैद्यांत अंडें, थोडें लोणी, साखर आणि नारळाचें दूध घालून पीठ घट्ट मळावें व ओल्या फडक्याखालीं झांकून ठेवावें. मग बोराएवढी गोळी घेऊन ती काट्याच्या पाठीवर, नाहीं तर नव्या कोऱ्या फणीवर, आंगठ्यानें दाबून पसरावी आणि हलकेंच गुंडाळीत न्यावी, म्हणजे शिंपल्यासारखी रेघांची वळी होते. ती तेलांत तळली कीं झालें कुलकुल. एका घरास पुरतील इतकीं कुलकुलें वळावयाचीं म्हणजे शेंकड्यांनीं गोळ्या. एकट्या आईनें त्या वळावयाच्या म्हटल्यास रात्र सरते. म्हणूनच हा जिन्नस जणूं मुलांकरितां योजिला आहे. पांच वर्षांच्या मुलाचा आंगठाही येथें उपयोगी पडतो, आणि त्याची वळी वांकडी झाली तरी तळल्यावर तीही तितकीच कुरकुरीत लागते. मळलेलें पीठ आणि तळलेला माल यांच्या वजनांत जो फरक पडतो त्याचा हिशेब आईनें विचारूं नये. मात्र कढईजवळ मोठ्यांनींच बसावें. उकळत्या तेलाशीं लेंकरांची गांठ पडूं देऊं नये.

बापांसही आमचें एक सांगणें आहे. दोदोल ढवळणें हें बायकांचें काम आहे असें कोणत्याही धर्मशास्त्रांत लिहिलेलें नाहीं. तें मिश्रण तासन् तास एकसारखें हलवावें लागतें, हात थांबला कीं बुडाशीं लागतें. ज्याच्या दंडांत बळ असेल त्यानें उलथणें हातीं घ्यावें. बाप घामाघूम होऊन पातेल्याशीं उभा आहे आणि मुलें भोंवतीं बसून जपमाळेचें एक दशक म्हणत आहेत, असें घर आम्हीं पाहिलें आहे. त्या घरास कौटुंबिक प्रार्थनेवर वेगळें प्रवचन देण्याची आम्हांस कधीं गरज पडली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, फादर, हें सर्व चाळींत आणि वाडींत ठीक होतें. आतां नवराबायको दोघेंही नोकरीवर, खोल्या लहान, आणि कुसवार पेटींत तयार मिळतें. हें खरें आहे, आणि त्यांत पाप कांहींच नाहीं. पूर्वींही सर्व कांहीं घरीं होत नसे. घरीं भट्टी कोणाकडे होती? केकाचे डबे डोक्यावर घेऊन लोक जवळच्या बेकरींत भाजावयास नेत. तेव्हां जो सहा जिन्नस विकत घेईल त्यानें सातवा घरीं करावा, एवढेंच आमचें मागणें आहे. कारण विकतच्या पेटीला मुलाचे हात लागलेले नसतात. आणि ज्यास आपला हात लागलेला नाहीं, तें दुसऱ्यास देतांना मुलाला आपण कांहीं दिलें असें वाटत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तें दुकानानें दिलेलें असतें.

येथून आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतों. कुसवार स्वतःसाठीं केव्हांच नव्हतें. तें ताटांत घालून, वर विणलेला रुमाल झांकून, शेजारीं पाठवावयाचें असे. गिरगांवांत खोताच्या वाडीसारख्या ठिकाणीं, आणि दादर, परळ, लालबागच्या चाळींत ख्रिस्ती कुटुंबांचे शेजारी बहुतेक हिंदू. दिवाळींत त्यांच्याकडून करंज्या, चकल्या, अनारसे येत. नाताळांत आपलीं ताटें जात. आणि आपल्या महाराष्ट्राची रीत अशी कीं शेजाऱ्याचें भांडें रिकामें परत करूं नये. ही रीत फार सुंदर आहे, परंतु ती गरिबाच्या मानेवर कशी बसते, हें एका वर्षीं गिरणगांवानें पाहिलें.

१९८२ सालच्या जानेवारीच्या १८ तारखेस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. दिवाळी आली तरी संप मिटला नव्हता. आम्ही त्या वेळीं लहान होतों. परळच्या ज्या चाळींत आम्ही वाढलों, तेथें समोरच्या खोलींतून दर दिवाळीस येणारें ताट त्या वर्षीं आलें नाहीं, आणि कोणीं तें बोलूनही दाखविलें नाहीं. नाताळांत आमच्या मातोश्रींनीं नेहमींप्रमाणें ताट भरलें आणि आम्हांस समोर धाडिलें. त्या माउलीनें तें घेतलें. पण ताट परत येईना. चार दिवस गेले, आठवडा गेला. तें रिकामें द्यावयाचें नाहीं आणि घालावयास घरांत कांहीं नाहीं, हें आमच्या मातोश्रींच्या तेव्हां ध्यानांत आलें. मग त्यांनीं काय केलें? त्या समोर गेल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आमच्या पोराला खोकला झालाय, तुमच्या कुंडींतलीं तुळशीचीं चार पानं द्या कीं." ताट तुळशीचीं पानें घेऊन आलें. खोकला कोणासच नव्हता. नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्हांस असत्यभाषणावर बरेंच शिकविण्यांत आलें. त्या वाक्याचा न्याय करण्याचें आम्ही प्रभूवर सोंपवितों.

दान देणें सोपें आहे, घेणें कठीण आहे. घेणाऱ्यालाही कांहीं देतां येईल अशी वाट जो मोकळी ठेवितो तोच शेजारी. मायराचे बिशप संत निकोलस यांच्याविषयीं परंपरा असें सांगते कीं त्यांनीं तीन गरीब मुलींच्या लग्नाकरितां सोन्याच्या थैल्या रात्रीं घरांत टाकिल्या, तोंड दिसूं न देतां. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. त्यांच्याच नांवाचा तांबड्या डगल्यांतला म्हातारा आज लोअर परळांत, जेथें पूर्वीं फिनिक्स गिरणी चालत असे तेथील दुकानांच्या इमारतींत, मुलांसवें फोटो काढवून घेतो. त्या बिचाऱ्या पोटार्थी माणसाशीं आमचें वैर नाहीं. परंतु आपल्या धर्मग्रामांत गरिबांच्या हातीं पिशवी देतांना फोटो काढण्याची जी चाल पडूं पाहत आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती १८३३ मध्यें पॅरिसांत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नांवें एकत्र आले, तेव्हां गरिबांस बोलावून रांगेंत उभें करावें अशी त्यांची रीत नव्हती. ते स्वतः त्यांच्या घरीं जात.

म्हणून या वर्षीं मदतीच्या पिशव्या देवळाच्या आवारांत वाटल्या जाणार नाहींत, आणि देणगीदारांचीं नांवें मिस्सेनंतर वाचलीं जाणार नाहींत. ज्यांस यामुळें वाईट वाटेल त्यांनीं आमच्याकडे यावें; चहा देऊं, पण निर्णय बदलणार नाहीं. तांदूळ, डाळ, औषधाचे पैसे हें सर्व मंडळाचे सभासद पूर्वींप्रमाणें गुपचूप पोंचवितील. कुसवाराचें ताट मात्र मुलांनीं न्यावयाचें. प्रत्येक घरानें एक ताट ख्रिस्ती शेजाऱ्यास आणि एक अन्य धर्माच्या शेजाऱ्यास द्यावें. उंच इमारतींत ज्यांस शेजाऱ्याचें नांवही ठाऊक नाहीं, त्यांनीं लेंकराला पुढें करून दाराची घंटा वाजवावी. मुलाच्या हातांतलें ताट पाहून दार लावून घेणारा मनुष्य मुंबईंत अजून तरी आमच्या पाहण्यांत नाहीं. धोबी तलावाकडे गोंयकारांच्या ज्या कुडी अजून चालू आहेत, तेथें घरापासून दूर राहणारे पुरुष असतात; आपल्या तरुण मंडळानें तिकडचीं ताटें आपल्याकडे घ्यावीं.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारीं, ज्या दिवशीं याजक गुलाबी वस्त्रें घालितो त्या दिवशीं, दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहांत कुलकुल वळण्यासाठीं सर्व मुलांनीं जमावें. प्रत्येकानें घरून एक कांटा व एक स्वच्छ फडकें आणावें. मैदा व अंडीं आम्ही घेऊं, नारळ महिला मंडळ देणार आहे. बापांपैकीं आठ जणांचे दंड दोदोलासाठीं हवे आहेत. नांवें सेक्रिस्तांवांकडे द्यावींत. आणि ज्यांच्या घरीं आजीच्या वेळचें तांब्याचें मोठें पातेलें माळ्यावर पडून असेल, त्यांनीं तें त्याच्या आधींच्या शुक्रवारपर्यंत कल्हई करवून पोंचवावें. कल्हईचा खर्च देवळाकडून मिळेल.